सगळ्यात स्वच्छ जागा

बसच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरकाकांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शांतता. काकूंच्या माहेरचं घर तळ्याच्या वरच्या अंगाला रिकामंच पडलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावरून खाली उतरत गेलेलं गवताचं कुरण, थेट पाण्यापर्यंत. दोघांनी शहरातलं बिऱ्हाड मोडलं आणि ती तिथे येऊन राहिली.

काकूंनी पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन मांडलं. आसपासच्या वस्तीतल्या बायका शाळेचे गणवेश, पडदे, लेकींचे झगे घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. काकूंचा हात असा होता की शर्टाची कॉलर एकदा बसवली की ती धुऊन धुऊन कापड विरलं तरी मान वाकडी करत नसे. काका ओट्यावर बसून तळं बघायचे. आयुष्यभर आरशात मागच्या गाड्या बघितलेल्या माणसाला समोर नुसतं पाणी बघणं म्हणजे चैनच होती.

मग खालपर्यंत डांबरी रस्ता झाला. कोणीतरी तळ्याचे फोटो फोनवर टाकले आणि सुट्टी आली की गाड्यांची रांग लागायला लागली. तंबू, खुर्च्या, शेगड्या, बर्फाच्या पेट्या. दोन दिवस कुरण जत्रेसारखं गजबजायचं आणि गाड्या गेल्या की मागे जे उरायचं ते बघवत नसे. बाटल्या, ताटल्या, लहान मुलांचे लंगोट, अर्धवट जळलेले कोळसे, मोडका तंबू तसाच टाकलेला. एकदा तर चांगला नवाकोरा गाद्यांचा जोड होता, फक्त हवा भरायचा पंप बिघडला म्हणून सोडून दिलेला.

काकांनी पिशव्या घेऊन उचलायला सुरुवात केली. पहिल्यांदा काकू हसल्या.

"आयुष्यभर लोकांना वाहिलंत, आता त्यांचा कचरा वाहा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे तुम्हाला."

"अगं, कोणीतरी उचलायलाच हवं."

"उचलणारा आहे हे कळलं की टाकणाऱ्याला बरंच की."

वस्तीतल्या लोकांनी त्यांचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा एक सिद्धांत होता, बसमध्येच तयार झालेला. माणूस मुळात वाईट नसतो, त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. बसमध्ये शेंगांची टरफलं टाकणाऱ्याला कंडक्टर खेकसला की तो मुद्दाम आणखी टाकायचा. काका मात्र गाडी थांबवून मागे वळायचे आणि म्हणायचे, "दादा, घरी पण असंच करता का हो?" सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि खाली वाकून टरफलं गोळा करायचा.

म्हणून काका तंबू लागले की खाली जायचे. गोड बोलायचे. कोणी हो हो म्हणायचं, कोणी गाणं आणखी मोठ्याने लावायचं. एकाने तर विचारलं, "ही जमीन तुमच्या बापाची का?" ती खरं म्हणजे काकूंच्या वडिलांच्या जमिनीला लागूनच होती, पण काका पुढच्या तंबूकडे वळले. घरी येऊन काकूंना सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी ओतताय." तरी पुढच्या सुट्टीला काका पुन्हा खाली.

त्या खेपेला त्यांना ते कुटुंब भेटलं. निळा तंबू, चष्मेवाला नवरा, हसतमुख बायको आणि दोन छोट्या मुली. काकांनी बोलायला तोंड उघडायच्या आत चष्मेवालाच म्हणाला, "काका, बसा ना. तुम्हीच इथली साफसफाई करता ना? वाटेत कळलं आम्हाला. फार मोठं काम करता तुम्ही."

काका खुर्चीत बसले. मुलींनी त्यांना रंगवलेले दगड दाखवले. चष्मेवाल्याचं हमरस्त्यावर फरशांचं दुकान होतं. निघताना तो म्हणाला, "तुम्ही निश्चिंत राहा. आमचा एक कागदसुद्धा मागे दिसणार नाही. आणि कधी तिकडे आलात तर चहाला यायचं, बरं का."

काका वर आले ते जणू पगारवाढ मिळाल्यासारखे.

सुट्टी संपली, गाड्या गेल्या. सकाळी काका खाली उतरले. बाकी कुरणाची दशा नेहमीचीच होती, पण निळ्या तंबूची जागा बघून ते थबकलेच. गवत तेवढं दबलेलं. शेगडीच्या जागी दगडांचं नीट रचलेलं रिंगण, आत राख, आणि राखेवर कोणीतरी काळजीने माती पसरलेली. एक चिटोरा नाही.

ते धापा टाकत घरी आले. "चल, तुला काहीतरी दाखवायचंय."

"माझ्या पायाखाली मशीन आहे."

"पाच मिनिटं. तू नेहमी म्हणतेस ना, पालथा घडा म्हणून. चल, बघच."

काकू उठल्या. त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून खिडकीत ठेवलं आणि हातातलं काम टाकून नवऱ्याच्या समाधानासाठी खाली गेल्या. रिंगणापाशी उभ्या राहून त्यांनी खरंच मान डोलावली. "बरी माणसं दिसतात," त्या म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपला एखादा मुद्दा बायकोने असा सरळ मान्य केल्याचं काकांना आठवत नव्हतं.

काकांची कंबर त्या दिवशी धरली होती. ते वाकताना कण्हत होते, म्हणून काकूच म्हणाल्या, आलेच आहे तर हात लावते. दोघांनी मिळून कागद, पुठ्ठे, ताटल्या गोळा केल्या. पुठ्ठ्यांचा ढीग एवढा झाला की वर वाहून नेणं शक्य नव्हतं.

"इथेच जाळून टाकू," काका म्हणाले. "त्या रिंगणात. तीच जागा चांगली आहे."

त्यांनी काठीने माती जरा बाजूला केली आणि पुठ्ठे रचले. काडी काकूंनी लावली. पुठ्ठा दमट होता, नुसता धूर यायला लागला. काका आणखी कागद आणायला वळले. काकू गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून फुंकर घालू लागल्या. मग जाळ लागला, चांगला धडधडून लागला, आणि त्या शेवटचा एक पुठ्ठा आत सरकवत होत्या.

आवाज झाला तेव्हा काकांना वाटलं, कुठेतरी टायर फुटला. वळून बघितलं तर काकू मागे गवतावर पडल्या होत्या, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांमधून रक्त येत होतं. रिंगणातले दगड विखुरले होते. राखेत पत्र्याचा एक छोटा डबा फाटून उमललेला होता, प्रवासातल्या शेगडीला लावतात तसला गॅसचा डबा.

वस्तीतल्या दूधवाल्याची गाडी काकांनी स्वतः चालवली. शहरापर्यंत त्यांनी एकदाही ब्रेक जोरात मारला नाही. शेजारच्या सीटवर काकू टॉवेल धरून बसल्या होत्या आणि एवढंच विचारत होत्या, "दिवस आहे ना अजून?"

उजवा डोळा गेला. डाव्यात धुकं राहिलं. डॉक्टर तरुण होत्या, फार हळू बोलत होत्या, म्हणजे काय ते काकांना वाक्य संपायच्या आधीच कळलं. लेक आणि जावई आले. लेक आईच्या उशाशी बसून रडली, मग बाहेर येऊन बाकावर बसलेल्या काकांना म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे सगळं?" जावयाने तिला "राहू दे गं" म्हणून आत नेलं. काका बाकावरच बसून राहिले. प्रश्न बरोबर होता.

काकू घरी आल्यावर काही दिवसांनी काका कोणालाच न सांगता बसमध्ये बसले आणि हमरस्त्यावरच्या फरशांच्या दुकानात गेले. दुकान मोठं होतं. भिंतीभर चकचकीत फरशा उभ्या केलेल्या, आणि प्रत्येकीत काकांचं धुरकट रूप दिसत होतं. चष्मेवाल्याने त्यांना लगेच ओळखलं.

"अरे, काका! या या! खरंच आलात!" त्याने चहा मागवला. मुली अजून तुमची आठवण काढतात म्हणाला.

काकांनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, जसं घडलं तसं. चष्मेवाल्याचा चेहरा उतरत गेला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तो डबा..." तो म्हणाला. "रिकामाच झाला होता जवळजवळ. मुलींच्या पायाला लागेल म्हणून खोल..." आणि थांबला.

काका वाट बघत राहिले. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चुकलो म्हणाला असता तर पुरे झालं असतं, असं त्यांना नंतर वाटलं.

चष्मेवाल्याने दाराकडे पाहिलं. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "पण काका, तिथे किती लोक येतात. आमच्या आधीही कोणी असेल. तो आमचाच होता हे कशावरून?"

"तुमचा होता की नव्हता, ते तुम्हीच सांगा."

"मला कसं आठवणार? एवढ्या गडबडीत..." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "फार वाईट झालं. खरंच फार वाईट झालं. काकूंना माझा नमस्कार सांगा."

इतक्यात एक जोडपं न्हाणीघरासाठी फरशा बघायला आलं आणि तो सुटका झाल्यासारखा त्यांच्याकडे धावला. चहा आला. काकांनी तो प्यायला, कारण आणणाऱ्याने समोर धरला होता. कप ठेवला आणि बाहेर पडले. चष्मेवाल्याने लांबून हात वर केला. काकांचाही हात सवयीने वर गेला.

घरी काकूंना वासावरून की पावलांवरून, कशावरून कळलं कोण जाणे. "त्याच्याकडे गेला होतात ना?"

"हो."

"काय म्हणाला?"

"नमस्कार सांगितलाय." काका पायरीवर बसले. "तसा बरा माणूस आहे गं."

काकूंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हरामखोर निघाला असता तर बरं झालं असतं."

थंडीच्या दिवसांत काकूंनी पुन्हा मशीन उघडलं. दोरा काका ओवून द्यायचे. डाव्या डोळ्याला कापड जवळजवळ टेकवून त्या शिवायच्या. बायका येत राहिल्या, कौतुक करत राहिल्या. एक दिवस दुधाच्या केंद्रावर काकांनी पाहिलं, एका मुलाच्या नव्या गणवेशाची कॉलर उसवून पुन्हा शिवलेली होती, दुसऱ्याच कोणाच्या टाक्यांनी. त्यांनी घरी सांगितलं नाही. पण काकूंना बोटांनी कळत होतंच. त्यांनी हातातलं काम संपवलं, मशीनवर झाकण घातलं आणि आलेल्या बाईला सांगितलं, "आता दुसरीकडे टाकत जा, बाई." ती बाई नको नको म्हणाली, पण नंतर आली नाही.

तालुक्याच्या कचेरीतले लोक येऊन कुरणात 'कचरा टाकू नका' असा एक मोठा फलक लावून गेले. बैल गेला आणि झोपा केला. हवा तापायला लागल्यावर आलेल्या पहिल्याच लोकांनी त्या फलकाच्या खांबाला दोरी बांधून ओले टॉवेल वाळत घातले. पुढच्या खेपेला फलकाच्या लाकडी पट्ट्या कोणाच्या तरी शेगडीत गेल्या.

काका खाली जात नव्हते. पिशव्यांचा गठ्ठा खुंटीला तसाच लटकत होता. खालून धूर यायचा, गाणी यायची, आणि काका ओट्यावर पाण्याकडे पाठ करून बसायचे. वस्तीतलं कोणी आता इन्स्पेक्टर म्हणत नसे. कोणी तसं म्हटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

एका सकाळी काकू चहाचा कप चाचपडत घेऊन ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही जाणार असाल तर जा हो. माझ्यामुळे थांबू नका."

"तुझ्यामुळे नाही थांबलो."

"मग?"

चष्मेवाल्याला तर काकांना नीट सांगावंही लागलं नव्हतं. तरी तो नीट वागला होता. त्याने एक कागद मागे दिसू दिला नव्हता. आता आणखी कोणाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

"जमत नाही," ते म्हणाले.

काकूंनी मान तिरकी करून कुरणाच्या बाजूला पाहिलं. रात्रभर वारा होता. "कुंपणावर कपडे कोणी वाळत घातलेत?" त्यांनी विचारलं.

काकांनी वळून बघितलं. तारेवर पांढरं, गुलाबी, निळं काहीबाही फडफडत होतं. खालून वर येऊन अडकलेलं.

"कपडे नाहीत. खालचंच आहे. वाऱ्याने आलंय."

"काढणार नाही?"

"नाही."

काकूंनी कप ओट्यावर ठेवला. मग भिंतीला हात लावत आत गेल्या, त्या बाजूच्या खिडकीचं दार ओढून घेतलं, आणि कडी सापडेपर्यंत लाकडावरून बोटं फिरवत राहिल्या.