काचेच्या कपाटातला उजवा हात

मी एक हात बोलतोय. उजवा. नुसताच हात, मागे माणूस नाही. हात बोलतो कसा, असं विचारू नका. मी ज्या विद्यापीठात राहतो तिथे तोंड असलेली माणसंसुद्धा ठरवून दिलेलंच बोलतात.

माझा जन्म बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत, शेवटच्या वर्षाच्या चार मुलांच्या भांडणातून झाला. "अंगठा आखूड झालाय." "तुझ्या अकलेपेक्षा लांब आहे!" असं रोज चालायचं. प्लास्टिकची बोटं, आत मोटर, तळव्यात स्प्रिंग. कोपराखालचा स्नायू आवळला की मी मूठ मिटायची, सैल सोडला की उघडायची, अशी योजना होती. मला बक्षीस मिळालं, मुलांना नोकऱ्या मिळाल्या आणि माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली.

किल्ली विभागप्रमुख सरांच्या खिशात. सर वाईट नव्हेत, पण वस्तू वापरली की बिघडते यावर त्यांची गाढ श्रद्धा. मुलं काचेपलीकडून माझी आकृती काढायची आणि कृत्रिम अवयवांच्या पेपरात चांगले गुण मिळवायची.

मग पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. तिला सगळे चिवट म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. तिचे मामा आपल्या छोट्या दुकानात पुस्तकं बांधायचे. कागद कापायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात मनगटाच्या वरून गेला होता.

"सर, मामांना एकदाच घालून बघू दे ना."

"समिती येऊन जाऊ दे, मग बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मग? मागच्या वर्षी समिती आली कुठे?"

असं करत ती तिसऱ्या वर्षाला पोचली. इकडे मला त्या न पाहिलेल्या मामांची ओढ लागली होती. हाताला दुसरं काय हवं असतं? कुणाचा तरी हात व्हायचं असतं.

समिती म्हणजे मूल्यांकन समिती. हा अभ्यासक्रम पुढची पाच वर्षं चालवण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ती ठरवणार. ती येणार म्हटल्यावर भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, बंद पडलेल्या यंत्रांवर 'हात लावू नये' अशा पाट्या चढल्या. मुलांकडून उत्तरं घोकून घेतली. माझं काम ठरलेलं होतं: अध्यक्षबाईंशी हस्तांदोलन.

सरांनी स्नायूऐवजी जोडलेलं बटण दाबलं. मी बाईंचा हात धरला. टाळ्या झाल्या. सरांनी सोडायचं बटण दाबलं, आणि मला काही सुटता येईना. वर्षानुवर्षं न हललेली स्प्रिंग अडकली ती अडकलीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"फारच आपुलकी आहे याला," बाई हसून म्हणाल्या. सर ओढायला लागले तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं.

"ओढू नका, सर!" चिवट पुढे झाली. "स्क्रूड्रायव्हर द्या कुणीतरी."

हत्यारांच्या कपाटाला कुलूप होतं आणि ती किल्ली घरी राहिली होती. शेवटी स्क्रूड्रायव्हर बाईंच्याच चष्म्याच्या डबीत निघाला.

"हा आधी कधी उघडलायस?" बाईंनी विचारलं.

"नाही. कुणीच नाही."

"मग कसं जमणार?"

"बघत बघत जमेल."

तिने आधी भलताच स्क्रू फिरवला आणि मी आणखी आवळलो. "आई गं!" बाई ओरडल्या. चिवट सॉरी म्हणाली आणि पुन्हा वाकली.

"आजवर हा घातलाय कुणी?"

"मॅडम, म्हणजे तसं पाहिलं तर कुणालाही..." सर म्हणाले.

"कुणीही नाही," चिवट मान वर न करता म्हणाली. "माझे मामा माझ्या पहिल्या वर्षापासून थांबलेत."

 तेवढ्यात स्प्रिंग सुटली. बाईंनी लाल झालेली बोटं चोळली.

"इतक्या ठिकाणी जाते मी," त्या म्हणाल्या. "आज निसटता येत नव्हतं म्हणून खरं ऐकायला मिळालं."

पाचाऐवजी एकाच वर्षाची मान्यता मिळाली, आणि तीही अटीवर: जे बनवाल ते ज्याला हवं आहे त्याच्या अंगावर चढवा. सर दोन दिवस खिशातली किल्ली चाचपत फिरले. मग त्यांनी किल्ली चिवटच्या हातात ठेवली. "जपून हं," म्हणाले.

मामा आले. मला घातलं. "जड आहे गं. घाम येतोय. आणि हे बोट असं काय वाकतंय रुसल्यासारखं?" मुलं भराभरा लिहून घेऊ लागली. माझी एवढी निंदा आयुष्यात कुणी केली नव्हती, आणि एवढं सुखही मला कधी झालं नव्हतं.

मग मामांनी कागदांचा गठ्ठा मागितला. मी तो धरला, त्यांच्या डाव्या हाताने कडा सारख्या केल्या. त्यांनी स्नायू सैल सोडला.  मी गठ्ठा सोडला.

"सोडलं की गं," मामा म्हणाले आणि त्यांनी लगेच दुसरा गठ्ठा मागितला.

सध्या मी टेबलावर सुटा पडलोय. मामांच्या तक्रारी संपेपर्यंत मला असंच उघडत-मिटवत राहणार आहेत. अंगठा कुठल्याशा डब्याच्या झाकणात आहे. त्याचा स्क्रू हरवलाय, आणि विभागप्रमुख सर मोबाइलच्या उजेडात टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत तो शोधताहेत. "पाय जपून टाका रे!" असं मुलांवरच ओरडताहेत.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या समितीत असाल तर एक विनंती. कपाटात मला शोधू नका. मी मामांच्या दुकानात कामावर असेन.