काष्ठनाथाची बोलती फळी

पालेगावच्या माळावर त्या रविवारी ही गर्दी! साल एक्क्याण्णव. पार बारवीकडून माणसं चालत आलेली. का, तर काष्ठनाथ महाराजांची फळी बोलते! महाराज फळी उभी धरून विचारत, "काष्ठदेवा, याला औषध हवं का?" आणि बोटाने ठोकत. खणखणीत वाजली तर हो, ठक्क झाली तर नाही. बहुतेकांचं ठक्कच व्हायचं. मग डॉक्टर बंद, महाराजांचा अंगारा सुरू.

या फळीचं ऐकून माझ्या भावाने, शिवरामने, टीबीच्या गोळ्या सोडल्या. चार महिन्यांत गेला. त्या भोंदूला चारचौघांत उघडा पाडायचाच, एवढं ठरवून मी आलो होतो.

पुढे बारवीकडची चांगुणा उभी होती. शेजारी तिची दहा वर्षांची राही, खोकून खोकून नुसती हाडं उरलेली.

"म्हाराज, हिला टीबी हाय. दवाखान्याच्या गोल्या देऊ का नको?"

ठक्क!

"देव नको म्हणतो, माई! गोळ्यांनीच पोर सुकली. सगळं केमिकल आहे केमिकल!"

माझी नजर त्याच्या बोटांवर गेली आणि डोक्यात तिडीकच उठली. अरे, ही पकड तर माझी! उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात माझा गिटारचा कारखाना. तिथे देवदाराची फळी निवडायला मीच ज्याला शिकवलं, तो शशिकांत हा, दाढी वाढवून बसलेला!

मी सरळ त्याच्या ओट्यावर चढलो आणि फळी हिसकावली.

"पाप्या, जळशील!" तो ओरडला.

"जळू दे. राही, ये बाळा. टोकापासून पाव अंतरावर, दोन बोटांत हलकी धर."

मी ठोकली. टण्ण! "आता मधोमध धर." ठक्क!

"पोरीच्या अंगात देव आला!" शशिकांतने सारवासारव केली.

"मग तू धर ना, शश्या." मी फळी मधोमध त्याच्या मुठीत कोंबली. "विचार, तू देवमाणूस आहेस का?"

आणि मीच ठोकली. ठक्क! लोक खो खो हसले. तो हळूच बोटं सरकवायला लागला. मी मनगट आवळलं.

"लोकहो, ठोकल्यावर फळी मधोमध जास्त थरथरते. तिथेच धरली की आवाज मरतो. पाव अंतरावर ती जवळपास हलत नाही, म्हणून तिथे धरली की मोकळी वाजते. गिटारच्या तोंडाची, म्हणजे तारांखालची फळी आम्ही अशीच पारखतो. तिच्या आतून लावायच्या आधारपट्ट्या किती तासायच्या, तेही असंच ठोकून. देवबिव काही नाही, हा हवं ते उत्तर बोटांनी काढतो!"

"शेठ, माफ करा. पोटासाठी केलं."

"माझ्या भावाने काय केलं होतं रे तुझं?"

माफी मी दिली नाही. आजही देणार नाही. लोकांनी त्याला पोलिसांत नेला, मी चांगुणाला आणि राहीला घेऊन दवाखान्यात गेलो. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

राही वाचली. शिवराम वाचू शकला असता, हे मला रोज टोचतं. म्हणून हात जोडून सांगतो: कुणी चमत्कार दाखवला, तर ती वस्तू आपल्या हातात घ्या, उलटसुलट करून बघा. आणि डॉक्टर थांबवेपर्यंत औषध सोडू नका, कुणाच्याही सांगण्यावरून.