पाठची

ताईच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर वर, एक रंग उडालेलं छापील चित्र आहे. खिडकीशी उभी असलेली मुलगी, पिवळा फ्रॉक, लांब वेणी. चेहरा नाहीच. ती बाहेर बघते आहे आणि आपल्याला तिची नुसती पाठ दिसते. घरात पहिल्यांदा आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी ताई हे चित्र दाखवते आणि सांगते, "ही मी." पाहुणा चित्राकडे बघतो, मग ताईकडे बघतो. जरा वळून उभ्या राहा असं थोडंच म्हणता येतं? मग तो "वा" म्हणतो.

ती मुलगी मी आहे, असं माझं म्हणणं. फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचं.

आमच्या लहानपणी वरच्या खोलीत एक चित्रकार राहायचे. जिन्यात सदा टर्पेंटाइनचा वास. आई नाक मुरडायची आणि आम्ही दोघी त्याच वासामागे जिना चढायचो. ते आम्हाला खिडकीशी उभं करायचे. ताई खांबासारखी उभी राहायची, मला चुळबुळ केल्याशिवाय राहवायचं नाही. मी कंटाळले की ताई, ताई शाळेत गेली की मी. फ्रॉक दोघींचे एकाच ताग्यातले, वेण्या एकाच आईने घातलेल्या. पुढे चित्रकारकाका खोली सोडून गेले, मग त्यांचं नाव झालं, आणि ते चित्र दूरच्या एका कलादालनात जाऊन बसलं. पुरं झालेलं मूळ चित्र आम्ही कधी पाहिलंच नाही, पुढे हाती आली ती ही छापील प्रत, आणि तीत चेहरा नाही. त्यामुळे भांडणाला मोकळं रान होतं.

हल्ली गुडघ्यांमुळे आम्ही दोघी कुठे जात नाही, तर ते कलादालनच आमच्याकडे यायला लागलं. दर आठवड्याला तिथली क्युरेटर, म्हणजे चित्रं सांभाळणारी आणि त्यांची माहिती सांगणारी बाई, कॅमेरा घेऊन दालनांतून फिरते आणि आपण घरबसल्या टीव्हीवर बघायचं. शेवटी प्रश्नही विचारता येतात. सूनबाईने, म्हणजे ताईच्या सुनेने, ते सगळं जोडून दिलं. मला त्या क्युरेटर मुलीचं, आमच्या चित्रवालीचं, बोलणं आवडतं. ताईला ती आवडते, पण बोलणं नाही. ताईने जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. चित्रवाली म्हणाली, "इथे प्रकाश आपली मदत करतो," की सोफ्यावरून आवाज आलाच, "आपल्याला. आपल्याला मदत करतो." मागे एकदा चित्रवाली तासभर निळ्या रंगावर बोलली. शेवटी ताईला विचारलं, कसं वाटलं, तर म्हणाली, "सात चुका."

आणि एका आठवड्यात जाहीर झालं की पुढच्या वेळी पिवळ्या फ्रॉकची पाळी आहे.

ताईने सगळ्यांना बोलावलं. तिच्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायका, समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, इमारतीचे सेक्रेटरी. सूनबाईही ऑफिसातून लवकर आली. त्या बिचारीच्या चिठ्ठ्यांतल्या वेलांट्यासुद्धा ताई सुधारत आली होती. तिच्यासमोर, चार माणसांत, ताईचीच चूक निघाली असती तर ताईने पुढचं वर्ष खोलीतच काढलं असतं.

चहा टाकायच्या निमित्ताने तिने मला स्वयंपाकघरात नेलं.

"आज तू वाद घालायचा नाहीस."

"मी कुठे घालते? मी फक्त खरं सांगते."

"तेच ते. ते सांगायचं नाही."

"बरं बाई. तोंड उघडणार नाही. बिस्किटापुरतं उघडलं तर चालेल ना?"

कार्यक्रम सुरू झाला. प्रश्नोत्तरांच्या वेळी "ती मुलगी मीच" असं सांगायचं ठरवूनच बसल्यामुळे ताईने सुनेकडून माइक आधीच सुरू करून घेतला होता. चित्र पडद्यावर आलं आणि मी बिस्किट खायचं विसरले. छापील चित्रातला पिवळा म्हणजे आजाऱ्याचा पिवळा. हा मात्र आमच्या ताग्यातला होता.

"आता एक गंमत दाखवते," चित्रवाली म्हणाली. "दालनात येणाऱ्यांनाही ही बघायला मिळत नाही."

हातमोजे घातलेल्या दोघांनी चित्र अलगद उलटं फिरवलं. लाकडी चौकट, मळकट कापड, आणि त्यावर कोळशाने लिहिलेला एकच शब्द. पाठची.

"चित्राचं हे नाव चित्रकारांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय," चित्रवाली सांगत होती. "पाठची, म्हणजे पाठमोरी. चेहऱ्यापेक्षा त्यांना पाठ महत्त्वाची वाटली. ही पाठ आपल्याला बोलते."

मी ताईकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. आमच्या दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला होता. बाकी कोणाच्या पडला नव्हता. सूनबाईच्या पिढीत हा शब्द कोणी वापरत नाही, आणि फिरायला येणाऱ्या बायकांचं लक्ष बशीकडे होतं. चित्रवालीने चुकीचा अर्थ सांगून ताईला अलगद वाचवलं होतं. ताईने नुसतं गप्प बसायचं होतं.

मी शब्द दिल्याप्रमाणे गप्प होते. पण ताईच्या उजव्या हाताची बोटं जुळली, त्यांत लाल पेन असल्यासारखी. ती बोटं मी चांगली ओळखते.

"ताई, जाऊ दे," मी हळूच म्हटलं.

"अहो बाई," ताई टीव्हीला म्हणाली, "पाठची म्हणजे पाठमोरी नव्हे."

चित्रवाली थबकली. "कोण बोलतंय?"

"मी मराठी शिकवायचे. पाठमोरी म्हणजे आपल्याकडे पाठ केलेली. पाठची म्हणजे आपल्या पाठीवर जन्मलेली, धाकटी. जी घरात पहिली जन्मली, तिला कोणी कधी पाठची म्हणणं शक्यच..."

इथे गाडी थांबली.

"पण आई," सूनबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "थोरल्या तर तुम्ही ना?"

ताईने चष्मा काढून पुसला. मग भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाली, "त्यांना नावं लक्षात राहायची नाहीत. ही उभी असली की दर वेळी मला विचारायचे, ही कोण गं? मी सांगायचे, माझ्या पाठची."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत असायचे ना.

"म्हणजे चित्रात मावशी," सूनबाई म्हणाली.

"चित्रात ही. शब्द माझा." ताईने चष्मा परत चढवला. "आणि फ्रॉकची खालची कड बघा. वाकडी आलीय. हिची चुळबुळ. मी असते तर सरळ आली असती."

म्हणजे ती वाकडी कड ताईला रोज दिसत होती. मी माझं बिस्किट मोडून अर्धं तिच्या बशीत ठेवलं.

चित्रवाली खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसली होती. "हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चित्राशेजारच्या पाटीवर लिहिलं तर चालेल का? कोणाची पाठची, म्हणून लिहू?"

ताईने स्वतःचं संपूर्ण नाव सांगितलं. ऱ्हस्व-दीर्घासकट, दोनदा.

नव्या पाटीचा फोटो आला तेव्हा सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवला. "पाठची", आणि खाली, चित्रातली मुलगी ही अमुक अमुक (इथे ताईचं संपूर्ण नाव) यांची धाकटी बहीण. माझं नाव कुठेच नाही. एवढ्या वर्षांचं भांडण मी जिंकले आणि भिंतीवर लागली ताई.

आता पाहुणा आला की ताई सांगते, "ही माझ्या पाठची. पाटीवर नाव आहे ते माझं." पाहुणा चित्राकडे बघतो, मग माझ्याकडे. त्याची पंचाईत नको म्हणून मी उठते आणि सरळ त्याला पाठ दाखवते.

"बघा," ताई मागून म्हणते, "अजून धड उभी राहत नाही."