दाढीच्या मगातून वाचलेला स्फटिक

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. मुळात तुरटीच, पण आठ तिरप्या अंगांची, काचेसारखी लख्ख. चौऱ्याऐंशी साली मुलुंडला क्षमा नावाच्या शाळकरी मुलीनं मला वाढवलं. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी तिनं विरघळवली, पाणी निवू दिलं आणि एक कण दोऱ्याला बांधून त्यात सोडला. तो कण मी. गार पाण्याला तेवढी तुरटी सांभाळवत नाही. जास्तीची माझ्या अंगावर बसत गेली. आमचा हिशेब साधा: पाण्यात जास्त झाली की माझी जमा, कमी पडली की पाणी मलाच खातं.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं, तेव्हा क्षमानं मला खिडकीत सुकायला ठेवलं. त्याच खिडकीत आरसा टांगून तिचे बाबा, नंदकुमार, दाढी करत. कचेरीत प्रत्येक कागद दोनदा तपासणारा माणूस. घरी मात्र हाताला लागेल ते उचलणारा. ब्लेड लागलं, रक्त आलं आणि त्यांनी मला सरळ गालावर घासलं. मी हादरलो. पण खरा घाला पुढेच होता. मला ओळखल्यावर ते दचकले, आणि साबण निघावा म्हणून त्यांनी मला दाढीच्या गरम पाण्याच्या मगात चांगलं खळबळून काढलं. माझी टोकं गेली, कडा गेल्या. इतक्या मायेनं कुणी कुणाची वाट लावलेली मी पाहिली नव्हती.

क्षमा माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं, साबण लागला होता, म्हणून धुतला."

"गरम पाण्यात, बाबा?"

कुंदाआत्या पोळी लाटता लाटता म्हणाली, "दादा, पोरीचं प्रदर्शन गालाला फासलंस ना."

क्षमानं पुन्हा तुरटी विरघळवली. बाबांना घाई, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये बरणी ठेवू म्हणाले. एकदम गार केलं तर तळाला नुसता बारीक चुरा पडेल, असं तिनं सुनावलं. बरणी फडक्यात गुंडाळून सावकाश निवू दिली आणि पूर्ण निवल्यावरच मला आत सोडलं.

माझी टोकं परत आली. पोटात मात्र एक पांढुरका डाग राहिला. प्रदर्शनात परीक्षक बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मागे उभे असलेले बाबा जमिनीकडे बघू लागले.

"इथपर्यंत तो गरम पाण्यात विरघळला होता, बाई," क्षमा म्हणाली. "त्यावर पुन्हा वाढला."

कुणी विरघळवला, ते तिनं सांगितलं नाही.

मित्रांनो, घरात कुणी काही सावकाश वाढवत असेल, तर मदतीला धावण्याआधी एकदा विचारा. नंदकुमार त्यानंतर विचारू लागले. आणि गाल कापला, तर पेपरचा तुकडा चिकटवून कचेरीत जाऊ लागले.