दृष्ट उतरली

लक्ष्मीबाईंनी मीठ-मिरच्या मुलावरून, वैभववरून, सात वेळा उतरवल्या आणि तव्यात टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही.

"बघलंस मां आकांक्षा, केवढी दृष्ट होती ती. अख्खी चाळ माझ्या झिलाच्या नावान बोटां मोडता, मग दुसरां काय होतला?"

लालबागची ती चाळ पाडून चार वर्षं झाली होती. नव्या इमारतीचा पायाही नाही, आणि सगळी बिऱ्हाडं परळच्या या ट्रान्झिट कॅम्पात. बिल्डरच्या कागदांवर दारोदार फिरून सह्या घेतल्या होत्या वैभवने, चाळ कमिटीचा सेक्रेटरी म्हणून. आता बिल्डर फोन उचलत नव्हता, म्हणून लोक वैभवला फोन करत, अगदी तो दात घासत असला तरी. आधी त्याची झोप गेली, मग जेवण. आज दुपारपासून जबडा दुखत होता.

आकांक्षा चार वाजताच म्हणाली होती, डॉक्टरकडे जाऊ. सासूबाई म्हणाल्या, आधी दृष्ट काढतंय. त्यात तास गेला.

"आता हलकं वाटतंय गं," वैभव म्हणाला. "ॲसिडिटीच असणार."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पंखा फुल होता, तरी बनियन ओलं आणि गार. लेकीला कणकण आली तरी तिच्या हाताला कळायची. हे मात्र हाताच्या ओळखीचं नव्हतं.

"चप्पल घाल. ईसीजी काढून येऊ."

"दृष्ट काढल्यार लगेच उंबरो ओलांडू नये," सासूबाई म्हणाल्या. तिने लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती वैभवला घेऊन निघाली.

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर रामजीकाका दारातच उभे. "काय सेक्रेटरी, पळताय कुठे? नव्या बिल्डिंगीतली लिफ्ट निदान आमच्या तिरडीला तरी मिळेल ना?"

वैभव हसला. थांबला. "सोमवारी भेटतोय बिल्डरला, काका."

दुसऱ्या मजल्यावर रमाबाईंनी वाटच अडवली. "माझी सही तू घेतलीस रे. माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन."

"रमाबाई, त्याला बरं नाहीये. जाऊ द्या ना."

"आम्हाला कुठे बरं आहे?"

आवाज ऐकून दारं उघडली. माणसं जमली. आकांक्षा त्याचा दंड धरून ओढत होती. वैभवने तिची बोटं सोडवली. "दोन मिनिटं गं. यांना उत्तर द्यायला पाहिजे."

"बस रे, बसून सांग," रमाबाई जरा नरमल्या. कुणीतरी स्टूल दिलं.

तो बसला. काय सांगतोय ते ऐकायला सगळे गप्प झाले. त्याची मान खाली गेली. शब्द जुळवतोय, असंच त्यांना वाटलं. एकट्या आकांक्षाने त्याचं डोकं पोटाशी धरलं, तो कलंडायच्या आत.