उजवी बाजू वर

हात धुतलेत का? नाहीत? मग लांबूनच ऐका. मी किमोनो बोलतोय. अस्सल जपानी रेशीम, मूळ गाव क्योतो, हल्ली मुक्काम दोहा. रंग पारव्याच्या मानेसारखा, आणि स्वभाव कसा ते कळेलच तुम्हाला.

मला इथं आणलं हिसाएबाईंनी. दोह्यातल्या अल अझीझिया वस्तीतून मायदेशी परतताना त्यांनी मला शेजारच्या सुचित्राच्या हाती सोपवलं. सुचित्रा नाशिकची, नवरा मिहीर गॅस कंपनीत इंजिनीअर, मुलगी अंतरा सात वर्षांची. हिसाएबाईंनी सुचित्राला बजावून सांगितलं: शिवणीवरच घडी घालायची, कागदात गुंडाळायचं, महिनोन्‌महिने हँगरवर टांगायचं नाही, हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत सावलीत वारा द्यायचा. आणि अंगावर घेताना डावी बाजू वर.

"उजवी वर फक्त मेलेल्या माणसाची," त्या म्हणाल्या होत्या.

सुचित्रानं पहिल्याच महिन्यात काय करावं? माझ्या घडीत कापूर टाकला आणि वर डांबराच्या गोळ्याही! येवल्याच्या पैठणीला चालतं म्हणे. अहो, दोन्ही एकत्र आले की पाझरतात! पाठीवरचा पिवळा डाग अजून मिरवतोय मी. पण सुचित्रानं कान धरले, ती चूक पुन्हा केली नाही.

मिहीरचं काय सांगू? चारचौघांत साखर, घरात हैवान. भाजीत मीठ कमी, मार. फोन उचलायला उशीर, मार. कपाटाच्या दारात सुचित्राची बोटं सापडली तेव्हा मी आतच होतो. दार त्यानं दोनदा लोटलं, दुसऱ्यांदा मुद्दाम बघून. मायलेकींचे पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होते. "जा ना, जाऊन दाखव!" असं म्हणून हसायचा मेला.

एका जानेवारीत तिनं मला खोलीत वाऱ्यावर टाकलं होतं. तो आला, जेवण तयार नाही म्हणून तिची वेणी धरून ओढत नेऊ लागला. तिनं आधाराला माझी बाही पकडली. टर्रकन फाटलो मी. मग त्यानं तिचं तोंड भिंतीवर आपटलं आणि तिच्या ओठातलं रक्त माझ्या गळपट्टीवर उडालं.

तो बाहेर गेल्यावर तिनं गार पाण्याच्या फडक्यानं आधी मला टिपलं. अगं बाई, आधी स्वतःचा ओठ टीप की! दारातून अंतरा हळूच म्हणाली, "मम्मा, डोन्ट क्राय लाउडली. ही विल कम बॅक." माझा जीव कळवळला हो.

बाही शिवायला सुचित्रानं मला दोह्यातच अल हिलाल भागात मैत्रिणीकडे, रत्नागिरीच्या रुकैयाकडे नेलं. ती घरीच शिवणकाम करते. तिनं शिवण बघितली, मग सुचित्राचा ओठ बघितला.

"गो सुचित्रा, ही उसवलेली नाय, वडलेली हाय. पोरीला घेऊन ये माझ्याकडं. पोलिसात जाऊ."

"तो म्हणतो, कुणाजवळ तोंड उघडलंस तर आधी अंतराचा गळा दाबीन."

रुकैयानं दोरा ओवला.

मग कंपनीची पार्टी आली. नवे साहेब जपानी होते आणि मिहीरला बढती हवी होती. "तो जपानी झगा घाल. साहेबांच्या बायकोवर, ओकुदा मॅडमवर, इम्प्रेशन पडलं पाहिजे. आणि तोंड बंद!" अंतराला रुकैयाकडे सोडून आल्यावर सुचित्रा तयार व्हायला लागली. तो दारात उभा राहून पाहत होता.

तिनं मला अंगावर घेतलं. डावी बाजू आत आणि उजवी वर! मी हबकलोच. अगं बये, जित्याजागत्या बाईला मढ्यासारखं काय नेसवतेस? इतकं शिकवलेलं सगळं पाण्यात! पण मला तोंड नाही. तिनं मात्र आरशात नीट बघून पट्टा आवळला.

"छान दिसतेस. यल्ला, चल," मिहीर म्हणाला.

हॉटेलात ओकुदाबाईंनी हसत हात पुढं केला आणि माझ्या गळपट्टीकडं नजर जाताच हसू मावळलं. "पट्टा सैल झालाय, नीट करून देते," असं मिहीरला सांगून त्या सुचित्राला बायकांच्या खोलीत घेऊन गेल्या. आतून कडी लावली.

"असं कुणी शिकवलं? असं आम्ही मेलेल्यांना नेसवतो."

"मला माहीत आहे," सुचित्रा म्हणाली.

ओकुदाबाईंनी पट्टा सोडला. मी बाजूला झालो आणि फासळ्यांवरचे काळेनिळे वळ उघडे पडले, गळपट्टीखाली झाकलेले बोटांचे ठसेही.

दारावर बुक्क्या बसू लागल्या. "सुचित्रा! खलास झालं नाटक, बाहेर ये!" त्यानं लाथ घातली, कडी वाकली. ओकुदाबाई तिच्यापुढं उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला फोन लावला. बाहेर धावत आलेल्या रखवालदाराचं नाक मिहीरनं सगळ्यांदेखत फोडलं, तेव्हा कुठं लोकांना त्याचं खरं रूप दिसलं. चौघांनी त्याला खाली पाडून धरलं.

आत ओकुदाबाई मला पुन्हा बांधत होत्या. सावकाश. डावी बाजू वर.

ड्रॉवर साहेबांसमोर उघडला, पासपोर्ट मिळाले. मिहीरवर केस चालू आहे. तोवर आम्ही रुकैयाकडे आहोत. मी वरच्या फळीवर, कागदात. बाहीला शिवण, पाठीला डाग, पण झकास आहे. अंतरा आता मोठ्यानं रडते, मोठ्यानं भांडतेसुद्धा.

तुम्हाला एकच सांगणं. मला कोरडं ठेवा, सावलीत ठेवा, ते आहेच. पण समारंभात एखादी बाई कपडा चुकीचा घालून आली, तर कोपऱ्यात खुसखुसू नका. तिचा हात धरा, बाजूला न्या, आणि कडी लावून विचारा.