वरून नवीन पॅटर्न

मी एक गाइड बोलतोय, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं. माणसांच्या अकलेबद्दल मला काडीचा आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

छापलो तेव्हा मी खरा होतो. चुकीच्या उत्तराला गुण कापायचे, म्हणून माझ्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, 'खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या.' मग वर बसलेल्या शहाण्यांनी पॅटर्न बदलला. कागद जाऊन कॉम्प्युटर आला आणि गुण कापणंही बंद झालं. कळवलं कुठं, तर वेबसाइटच्या कुठल्याशा कोपऱ्यात. वा रे हुशारी!

रिसोडला क्लास चालवणाऱ्या हरीओम सरांकडे माझ्यासारखी साठ गाइडं पडून होती. आतलं एकही पान त्यांनी बदललं नाही. वर 'नवीन पॅटर्न'चं चकचकीत कव्हर डकवलं आणि आम्हाला पोरींच्या माथी मारलं.

मी तांड्यावरच्या सुकेशनीकडे आलो. नंबर लागला तर तिला नर्सिंगचं हॉस्टेल, नाही तर दिवाळीआधी आईबापासोबत ऊसतोडीचा ट्रक. पोरीनं मला अक्षरशः पाठ केलं.

परीक्षेआधी तिनं सरांना विचारलं, "सर, कॉम्प्युटरवरच्या सूचना वाचा लागतीन ना?"

"कायले टाइम घालवतं? गाइडात हायेत त्याच हायेत. खाली टिचकी मार अन् पुढं जाय."

परीक्षेत ती सूचना न वाचताच पुढे गेली. मी बाहेर, तिच्या बापाच्या, किशनच्या मांडीवरच्या पिशवीत. सुटल्यावर ती हसतच आली. "बा, पक्के येत होते तेवढेच सोडवले. सव्वीस तसेच ठेवले."

शेजारची एक पोरगी थबकली. "ठेवले? काहून? मार्क कापणं बंद झालं ना आता."

सुकेशनीचा चेहरा मला पाहवला नाही.

तीन गुणांनी तिची जागा गेली. सव्वीस प्रश्न डोळे मिटून ठोकले असते, तरी तीन गुण कुठं जात होते? हरीओम सर म्हणाले, "नशीब असते पोरी. पुढच्या साली पुन्हा बस." थू असल्या मास्तरकीवर! आणि मीही त्यातलाच, हे कसं नाकारू?

ट्रक यायच्या आदल्या दिवशी तांड्यातली राखी मला मागायला आली. इथं गाइड असंच घरोघर फिरतं, साल कोणी पाहत नाही. "देऊन टाक," आई कमलीबाई म्हणाली, "आपल्या काय कामाचं आता?"

सुकेशनीनं पेन घेतला. पहिल्या पानावरची ती सूचना कागद फाटेस्तोवर खोडली आणि बाजूला लिहिलं, 'हे खोटं हाये. एकही प्रश्न सोडू नको. तिथल्या सूचना सोता वाच.'

"ताई, तुले नाही लागणार?" राखीनं विचारलं.

"मी चालली कारखान्यावर. तू तिकडं येऊ नको."

राखी, पोरी, माझ्यातलं बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल. तिचं अक्षर तेवढं वाच.